गावातल्या संगणकावर मुक्तस्रोत प्रणाली: तिच्या उणिवांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मोफत अद्यतने थांबवली आणि तेव्हापासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांतून एकच विचारणा होऊ लागली: जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे जिचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशी मुक्तस्रोत प्रणाली, टाकली तर चालेल का? विचारणाऱ्यांत सेवा केंद्र चालवणारे तरुण आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळांचे शिक्षक आहेत, सार्वजनिक वाचनालयांचे कार्यवाह आहेत आणि कृषी केंद्राचे दुकानदारही आहेत. मी स्वतः काही वर्षांपासून या प्रणालीवर काम करतो. तीन ठिकाणी मी ती बसवून दिली आणि त्यांपैकी एका ठिकाणाहून ती काढावी लागली. तिचे गुण सांगणारे पुष्कळ आहेत; ती का काढावी लागते हे सहसा कोणी सांगत नाही, आणि गावात पैसा व वेळ वाया जातो तो याच माहितीच्या अभावी. म्हणून येथे उणिवांचाच विचार केला आहे.

मुक्तस्रोत प्रणाली मुळातच कच्ची आहे का?

नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त प्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा गाभा (कर्नेल) लिहिला, आणि या दोहोंच्या मिलाफातून उभी राहिलेली प्रणाली आज जगातल्या बहुतेक सर्व्हरवर चालते. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत २०१७ पासून प्रत्येक संगणकावर लिनक्सच आहे. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तोच गाभा आहे. उणिवा आहेत त्या या गाभ्याच्या भोवती, म्हणजे जेथे प्रिंटर जोडला जातो, अंगठा घेतला जातो, मराठी टंकली जाते आणि काही बिघडले तर कोणाला तरी फोन करावा लागतो तेथे. घरगुती वा कार्यालयीन संगणक वापरणाऱ्याचा सगळा दिवस नेमका याच कडेवर जातो.

आमचा संगणक दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे. विंडोज ११ त्यावर बसत नाही. लिनक्स नक्की बसेल ना?

बसेल, पण "जुन्या संगणकासाठी लिनक्स" हे वाक्य जितके सरसकट बोलले जाते तितके ते खरे राहिलेले नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ही अट लिनक्सला नाही. मात्र ३२ बिटांचे, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरचे, संगणक येथेही मागे पडले आहेत. लिनक्स हे उबुंटू, मिंट, डेबियन अशा निरनिराळ्या तयार संचांच्या रूपात मिळते; त्यांना वितरणे म्हणतात. उबुंटूने २०१७ मध्ये ३२ बिटांची डेस्कटॉप आवृत्ती देणे थांबवले, लिनक्स मिंटने २०२० मध्ये विसावी आवृत्ती केवळ ६४ बिटांसाठी काढली, आणि जुन्या यंत्रांचा शेवटचा आसरा मानल्या जाणाऱ्या डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या साध्या संगणकांसाठी इन्स्टॉलर दिलेला नाही.

दुसरी गोष्ट मेमरीची. प्रणाली हलकी असली तरी आजचे ब्राउझर हलके नाहीत. २ जीबी रॅमच्या संगणकावर प्रणाली तत्परतेने सुरू होते आणि सरकारी पोर्टलचे दोन टॅब उघडताच अडखळते. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे आणि रॅम ४ किंवा ८ जीबी करणे हा खर्च धरूनच विचार करावा. "फुकटात संगणक नवा होतो" असे कोणी सांगत असेल तर ते अर्धेच सांगत आहे.

सेवा केंद्रातली सगळी कामे होतील का?

होणार नाहीत, आणि हे मी पहिल्यांदा शिकलो ते एका वाईट दिवशी. नोव्हेंबर महिना होता. पेन्शनधारकांचे हयातीचे दाखले काढण्याचे दिवस होते. मी ज्या केंद्रातला संगणक आठवडाभर आधी बदलून दिला होता, तेथे सकाळपासून म्हातारी माणसे बाकावर बसून होती. दोघेजण बाजूच्या गावाहून बंडीने आले होते. अंगठा घेण्याचे यंत्र जोडले, दिवा लागला, पण संगणक त्याच्याशी बोलेना. केंद्रचालकाने शेवटी शेजारच्या तरुणाचा फोन मागून घेतला आणि त्यावरून एकेक अंगठा घेतला. ती सर्व माणसे दुपारपर्यंत उपाशी बसली होती. त्याच संध्याकाळी मी तेथली जुनी प्रणाली परत टाकून दिली.

यामागचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. आधारशी जोडलेल्या कामात यंत्राने बोटाचा ठसा घेऊन तो तेथल्या तेथे कुलूपबंद करून पाठवायचा असतो, आणि त्यासाठी यंत्र बनवणाऱ्या कंपनीची आरडी सर्व्हिस नावाची मान्यताप्राप्त सेवा संगणकावर चालू असावी लागते. ही सेवा कंपन्या प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनवतात. ती बंदिस्त असल्यामुळे मुक्तस्रोत जगतातला कितीही हुशार माणूस तिची बदली सेवा लिहून चालवू शकत नाही. तशी मान्यताच मिळणार नाही. म्हणजे दोष लिनक्सच्या कोडमध्ये नसला तरी त्रास लिनक्स वापरणाऱ्यालाच होतो, आणि बाकावर बसलेल्या आजोबांना या दोन्हींतल्या फरकाशी काही देणेघेणे नसते.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसते आणि ते जात नाही. असे का?

हा प्रश्न फार केंद्रचालक विचारतात. डिजिटल सही असलेली पीडीएफ फाइल विंडोजवर अडोबी रीडरमध्ये उघडून सही एकदा प्रमाणित केली की अनेक दाखल्यांवरचे पिवळे प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते, आणि तीच प्रत छापून देण्याची पद्धत पडली आहे. अडोबीने लिनक्ससाठीचा रीडर २०१३ नंतर पुढे नेलाच नाही. ओक्युलरसारखा मुक्त पीडीएफ-वाचक कार्यक्रम सही तपासू शकतो, पण त्यासाठी भारताच्या प्रमाणन यंत्रणेचे मूळ प्रमाणपत्र हाताने बसवावे लागते. आणि तपासणी यशस्वी झाली तरी पानावर चितारलेले चिन्ह बदलत नाही, निकाल वेगळ्या पट्टीत दिसतो. सही पूर्णपणे खरी असते. छापील कागदावर मात्र प्रश्नचिन्ह राहते आणि बँकेच्या खिडकीवरचा कारकून तो कागद परत करतो. कागदावरची छापील खूण सहीचा पुरावा मानणे हीच मुळात चुकीची रीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु पीककर्जासाठी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हे मत ऐकवून उपयोग नाही.

प्रिंटरचे काय?

प्रिंटरच्या बाबतीत खरेदीपूर्वी चौकशी केली तर त्रास अर्धा होतो. नव्या, नेटवर्कवर चालणाऱ्या प्रिंटरपैकी पुष्कळसे आता वेगळ्या ड्रायव्हरशिवाय, म्हणजे यंत्राशी बोलणाऱ्या खास आज्ञावलीशिवाय, चालतात आणि याबाबत लिनक्स गेल्या दहा वर्षांत बरेच सुधारले आहे. अडचण येते ती आपल्याकडे सर्वाधिक खपलेल्या स्वस्त, यूएसबी वायरच्या काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरांची. त्यांतल्या अनेकांमध्ये पान रचण्याची स्वतःची बुद्धीच नसते. ते काम संगणकाने करून कंपनीच्या खास, अप्रकाशित भाषेत पाठवायचे असते. कॅननच्या अशा काही प्रिंटरांची कॅप्ट नावाची भाषा आहे. तिचा लिनक्स ड्रायव्हर कंपनीने दिला, पण तो नव्या आवृत्त्यांवर बसवताना माणूस थकून जातो. एचपीच्या काही लहान लेझर प्रिंटरांना वेगळी बंदिस्त जोडफाइल इंटरनेटवरून उतरवावी लागते आणि काहींना प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाकडून आज्ञावली भरवावी लागते.

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटर हेच पोटापाण्याचे साधन असते. तेथे आधी लिनक्स आणि मग प्रिंटर असा क्रम धरू नये. हातात असलेला प्रिंटर आधी तपासावा.

मराठी टंकलेखन चांगले होते का?

युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या, मराठीपुरते बोलायचे तर होते. इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी प्रत्येक वितरणात असते, लोहित आणि नोटोसारखे मुक्त फाँट असतात, आणि ज्याने शाळेपासून इन्स्क्रिप्टच शिकली त्याला काहीच अडणार नाही. पण आपल्या भागातले टंकलेखन या मार्गाने आलेले नाही. तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टन पद्धतीवर बोटे बसलेली माणसे, श्रीलिपीत लग्नपत्रिका जुळवणारे छापखाने, कृतिदेवमध्ये अर्ज लिहिणारे लेखनिक, आयएसएम या टंकलेखन कार्यक्रमावर काम केलेले ग्रामपंचायतीचे कर्मचारी, हे आपले खरे टंकलेखक आहेत. श्रीलिपीचा कार्यक्रम विंडोजसाठी आहे. कृतिदेवचा फाँट लिनक्सवर बसवता येतो, परंतु त्यातला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच असल्यामुळे फाँट नसलेल्या संगणकावर तो निरर्थक दिसतो. रेमिंग्टनशी मिळतीजुळती मांडणी लिनक्सवर लावता येते, तरी जोडाक्षरांच्या आणि चिन्हांच्या कळा टंकलेखकाच्या सवयीच्या जागी असतीलच असे नाही, आणि मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगाने चालणारी बोटे एका कळीच्या फरकानेही थांबतात.

एक बारकावा आपल्या दृष्टीने विशेष आहे. आपल्या प्रदेशाचे नाव "वऱ्हाड" आणि शेतातली "पऱ्हाटी" हे दोन्ही शब्द आडव्या अर्ध्या र ने लिहावे लागतात. इन्स्क्रिप्टमध्ये त्यासाठी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरतात. रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणाऱ्या मांडण्यांत ही युक्ती निरनिराळी असते आणि कोणी ती सांगितल्याशिवाय सापडत नाही. मग "वर्हाड" असे रफार चढलेले रूप उमटते आणि लोक तेच बरोबर समजून पुढे चालवतात. ल आणि श यांची मराठी वळणेही अशीच आहेत: काही फाँटांत ती असतात, पण मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद केल्याशिवाय हिंदी वळणेच दिसतात.

मेनू आणि सूचनांचे मराठी भाषांतर हा मला सर्वांत जास्त खटकणारा भाग आहे. भाषांतर स्वयंसेवक करतात, त्यांची संख्या थोडी आहे, म्हणून एकाच खिडकीत तीन शब्द मराठी आणि चौथा इंग्रजी असतो, आणि जे मराठी असते तेही पुष्कळदा कोशातून काढलेले, कोणीही न बोलणारे असते. आमच्या वाचनालयात मुलांनी दोन दिवसांत मराठी मेनू बंद करून इंग्रजी लावला. आपल्या भाषेतली प्रणाली आपल्याच मुलांना परकी वाटावी याचे मला आजही वाईट वाटते. हे काम बाहेरचा कोणी करून देणार नाही, इतके मात्र मला कळले आहे.

तहसिलीतून आलेली वर्डची फाइल लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन संचात विस्कटते. काय करावे?

याचे मुख्य कारण फाँट आहे. मंगल, कोकिला, अपराजिता हे फाँट मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातले असल्यामुळे लिनक्ससोबत येत नाहीत. त्यांच्या जागी वेगळ्या रुंदीचा फाँट येतो आणि एका पानाचा तक्ता दीड पानाचा होतो. केवळ वाचायची फाइल पीडीएफ स्वरूपात मागवावी. एक्सेलच्या ज्या फाइलींत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, आहेत, त्या मात्र पूर्णपणे चालतील असे गृहीत धरू नका. लिब्रेऑफिस त्यांतले बरेच काही समजून घेते, पण सगळे नाही.

टॅली चालते का?

टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या साधनाच्या आधाराने ती चालवणारे लोक आहेत. कृषी केंद्राचा जीएसटीचा हिशोब अशा आधारावर ठेवू नये.

इंटरनेट नीट नसलेल्या गावात अडचण येते का?

येते, आणि ही उणीव शहरात बसून प्रणाली बनवणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. उबुंटू २४.०४ ची फाइलच साडेपाच जीबीहून मोठी आहे. ज्याच्या फोनला दिवसाला दीड जीबी मिळतात, त्याला ती उतरवायला काही दिवस लागतील. बसवल्यानंतर अद्यतने येत राहतात, आणि एखादे लहानसे ॲप फ्लॅटपॅक नावाच्या गाठोड्याच्या स्वरूपात घेतले तर त्याच्यासोबत शेकडो एमबीचा पायाही येतो. वायफायच्या काही चिप चालण्यासाठी ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यावा लागतो आणि इंटरनेट तर त्याच वायफायवर अवलंबून असते. या कोंडीतून सुटण्याचा सोपा उपाय असा की अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे टेथरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला देणे, सुरू करावे. ते बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवाय चालते. डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अशा चिपांना लागणारे बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिल्यामुळे हा त्रास बराच उतरला आहे.

वीज अचानक गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. पावसाळ्यात डीपी जळते, उन्हाळ्यात भार वाढून वीज जाते, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात यूपीएसची बॅटरी वर्षभरात कामातून जाते. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल व्यवस्था नोंदवही ठेवून काम करते, त्यामुळे बहुतेक वेळा संगणक पुन्हा नीट सुरू होतो. परंतु डिस्क आधीच कमकुवत असेल तर एखाद्या सकाळी पडद्यावर काळी पाटी आणि इंग्रजीत "स्वतः एफएससीके (डिस्क तपासणारी आज्ञा) चालवा" अशा अर्थाची सूचना दिसते. जाणकाराला ते पाच मिनिटांचे काम आहे. ज्याला ठाऊक नाही, तो संगणक "मेला" असे समजून गाडीवर घालून तालुक्याला नेतो, आणि तेथला दुरुस्तीवाला डिस्क पुसून त्यावर विंडोज टाकून देतो. शाळेची तीन वर्षांची कागदपत्रे अशा रीतीने गेलेली मी पाहिली आहेत.

इतकी वितरणे कशाला? कोणते घ्यावे हेच कळत नाही.

कोणालाही जुना कोड घेऊन नवे वितरण काढता येते, हे स्वातंत्र्य या प्रणालीच्या मुळाशी आहे आणि नवख्याची तारांबळही त्यातूनच होते. एकाच ॲपसाठी डेब, आरपीएम, स्नॅप, फ्लॅटपॅक अशी निरनिराळी गाठोडी असतात. दिसणेही स्थिर नसते: उबुंटूने २०११ मध्ये युनिटी हा पडदा मुख्य केला आणि २०१७ मध्ये तो सोडून पुन्हा ग्नोम आणला, म्हणजे शिक्षकांनी तयार केलेले धडे दोनदा बदलावे लागले. आयुर्मानही पाहावे लागते. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे आधार असतो, मधल्या आवृत्तीला अवघे नऊ महिने, फेडोराला सुमारे तेरा महिने. गावात दीर्घकालीन आवृत्तीशिवाय काहीही बसवू नये.

व्हायरस येत नाही, हे तरी खरे ना?

पेन ड्राइव्हवरून पसरणारे विंडोजचे व्हायरस येथे चालत नाहीत, हे खरे आहे आणि शाळेसाठी ते फार मोलाचे आहे. कोड सर्वांना दिसतो म्हणून तो आपोआप सुरक्षित असतो हे मात्र खरे नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त साधनातली हार्टब्लीड ही चूक सुमारे दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती आणि २०१४ मध्ये उघडकीस आली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या साधनात कोणीतरी मुद्दाम चोरवाट पेरल्याचे आढळले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला म्हणून ती सापडली. ते साधन जगभर वापरात होते आणि त्याची देखभाल मुख्यतः एक थकलेला स्वयंसेवक करत होता. पैसा आणि माणसे यांचा हा तुटवडा मी या चळवळीची सर्वांत गंभीर उणीव मानतो.

सरकारने स्वतःची प्रणाली काढली होती ना?

होय. सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर आधारित बॉस ही प्रणाली २००७ मध्ये आणली आणि ती भारतीय भाषांसह येते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले. तरी आपल्या तालुक्याच्या कार्यालयांत ती मला कुठे दिसलेली नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्याला उपयोग होईल का?

येथे एक विसंगती आहे. एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा उत्तम, मोफत आणि मुक्तस्रोत कार्यक्रम केवळ विंडोजवर चालतो. लिनक्सवर ओर्का आहे आणि ईस्पीकचा मराठी आवाजही आहे. तो आवाज यांत्रिक आहे आणि दीर्घकाळ ऐकणे कष्टाचे होते. अशा विद्यार्थ्याचा संगणक बदलू नका.

बिघडले तर दुरुस्त कोण करणार?

ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याने बाकीचे सर्व प्रश्न सोडून द्यावेत. विंडोज बिघडले तर आठवडी बाजाराच्या प्रत्येक गावात एक दुरुस्तीवाला असतो. लिनक्ससाठी जिल्ह्याच्या ठिकाणीही शोधावे लागते. इंटरनेटवर उत्तरे विपुल आहेत, पण ती इंग्रजीत, आज्ञांच्या स्वरूपात आणि पुष्कळदा जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेली असतात, आणि समजून न घेता उतरवलेली एक आज्ञा सगळे पुसू शकते.

जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये परत विंडोजचा निर्णय घेतला. पैसा आणि तज्ज्ञ असलेल्या महापालिकेलाही हे जड गेले. याउलट केरळने आयटी ॲट स्कूल या उपक्रमातून, जो आता काइट म्हणून ओळखला जातो, सरकारी शाळांत मुक्त प्रणाली टिकवून दाखवली. त्यांनी आधी शिक्षकांना शिकवले, पुस्तके आपल्या भाषेत आणि त्याच प्रणालीवर लिहिली, परीक्षाही तिच्यावरच घेतली. आपल्याकडे मात्र मुलगा एमएस-सीआयटीत विंडोज आणि एमएस ऑफिस शिकतो, आणि शाळेतल्या लिनक्सवर शिकलेले बाहेर कामाला येत नाही असे पालक म्हणतात, तेव्हा त्यांना खोटे ठरवता येत नाही.

मग आमच्या गावात ती कुठे बसवावी?

वाचनालयात, शाळेच्या संगणक कक्षात, आणि घरी अभ्यास, पत्रलेखन व ब्राउझरपुरते काम असलेल्या यंत्रावर बसवावी. आमच्या वाचनालयातले चार संगणक आज तिच्यावरच चालतात. सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, छापखाना आणि हिशोबाचा संगणक येथे ती मुख्य प्रणाली म्हणून बसवू नये. तेथे फार तर दुसऱ्या, जुन्या यंत्रावर ठेवावी. बदल करण्यापूर्वी प्रणाली पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, दोन-तीन दिवस चालवून पाहावी. त्या दिवसांत आपल्याच प्रिंटरवर पान छापावे, आपलेच अंगठ्याचे यंत्र जोडावे, आपल्याच नावाचा दाखला उघडावा आणि वऱ्हाड हा शब्द टंकून पाहावा. हे सारे एखाद्या निवांत आठवड्यात करावे. जुलैत पीकविम्याची रांग दारात असताना आणि नोव्हेंबरात पेन्शनधारक बाकावर बसलेले असताना, केंद्रातल्या संगणकाला हात लावू नये.